घरच्या पडद्यावरील नाताळ

(सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या आगमनकाळांत धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेंत आजचा विषय पाहून कित्येकांस नवल वाटलें असेल. आगमनकाळांत धर्मगुरूनें पश्चात्तापाविषयीं बोलावें, गोठ्याविषयीं बोलावें. तें सोडून रशिया देशांत जन्मास आलेल्या एका नाचाविषयीं बोलावें, हें कसलें शहाणपण, असें एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं आम्हांस सरळ विचारिलें. प्रश्न रास्त आहे. नाताळनंतरच्या रविवारीं सायंकाळीं याच सभागृहांत ‘नटक्रॅकर’ या बॅलेचें चित्रमुद्रण मुलांना व त्यांच्या आईबापांना दाखविण्याचें ठरलें आहे. ज्या गोष्टीस आम्हीं संमति दिली, तिचीं कारणें सांगणें हें आमचें कर्तव्य होय.

प्रथम ही वस्तु काय आहे तें सांगूं. बॅले म्हणजे शब्दावांचून सांगितलेली कथा. पात्रें बोलत नाहींत, गात नाहींत. वाद्यवृंद वाजत असतो आणि हात, पाय, मान व डोळे हींच सर्व कांहीं सांगतात. ‘नटक्रॅकर’ म्हणजे कठीण कवचाचीं फळें फोडण्याचें साधन. आपल्या पानाच्या तबकांत सुपारीसाठीं अडकित्ता असतो, त्याप्रमाणें जर्मन लोकांच्या घरीं अक्रोड फोडण्यासाठीं लाकडी शिपायाचा बाहुला असे. त्याच्या पाठीची दांडी उचलली म्हणजे जबडा उघडतो. त्यांत अक्रोड ठेवून दांडी दाबली म्हणजे कवच फुटतें. असा हा मोठ्या जबड्याचा बेढब बाहुला या कथेचा नायक आहे.

कथा नाताळच्या पूर्वरात्रीची आहे. एका सुखवस्तु घरीं झाड सजविलेलें आहे, पाहुणे जमले आहेत. क्लारा नांवाच्या मुलीचा धर्मपिता ड्रोसेलमायर हा यंत्राचीं खेळणीं करणारा विलक्षण म्हातारा. तो तो बाहुला घेऊन येतो. इतर मुलांस त्याचें कौतुक नाहीं. क्लाराला मात्र त्याची माया वाटते. तिचा भाऊ धसमुसळेपणानें तो मोडतो. ती त्याला निजवून त्याची शुश्रूषा करते. मध्यरात्रीचे बारा वाजतात, झाड आकाशाएवढें वाढूं लागतें, उंदरांची फौज येते आणि बाहुला खेळांतले शिपाई घेऊन त्यांच्याशीं लढतो. तो हरणार, इतक्यांत ती लहानगी आपल्या पायांतील सपाता उंदरांच्या राजाला फेकून मारते. राजा पडतो, आणि बाहुल्याचा राजकुमार होतो. मग बर्फाच्या अरण्यांतून तो तिला मिठायांच्या राज्यांत नेतो, आणि तेथें निरनिराळ्या देशांचे नाच तिच्या सन्मानार्थ होतात. कथा एवढीच आहे.

हिचा उगम जर्मन लेखक होफमान याच्या १८१६ सालच्या गोष्टींत आहे. फ्रेंच कादंबरीकार अलेक्सांद्र द्यूमा यानें १८४४ सालीं ती आपल्या भाषेंत नव्यानें सांगितली. रशियाच्या राजनाट्यगृहांतील नृत्यगुरु मारियुस पेतिपा यानें तिचा आराखडा बांधला. परंतु तो आजारी पडल्यामुळें नाच बसविण्याचें काम त्याचा साहाय्यक लेव इवानोव याजकडे आलें. संगीत प्योत्र चायकोव्स्की याचें. हा पहिला प्रयोग १८ डिसेंबर १८९२ रोजीं सेंट पीटर्सबर्ग येथील मारिन्स्की नाट्यगृहांत झाला.

या संगीतामागें एक दुःख आहे, तें आपण ध्यानांत ठेवावें. १८९१ च्या एप्रिलांत, हें काम हातीं असतांना, चायकोव्स्कीची लाडकी बहीण अलेक्सांद्रा वारली. तो त्या वेळीं अमेरिकेच्या वाटेवर होता. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस जो युगुलनाच आहे, त्याची मुख्य चाल म्हणजे वरून खालीं एकेक पायरी उतरत येणारे सरळ स्वर. मिठाईच्या राज्यांत, सर्व आनंदीआनंद चालला असतां, ती चाल ऐकून मन भरून कां येतें, याचें कारण कित्येक जाणकार त्या बहिणीच्या मृत्यूंत पाहतात. तसेंच, ज्याला अरबी नाच म्हणतात त्याची चाल वस्तुतः जॉर्जिया देशांतील एका पाळण्याची आहे. नाताळच्या खेळांत एक पाळणा असा लपून बसला आहे, हें ज्या मातांनीं आपल्या लेकरांना गाऊन निजविलें आहे त्यांस सांगण्यांत आम्हांस संतोष वाटतो. मुलांनींहि एक गोष्ट कान देऊन ऐकावी: मिठायांची राणी नाचते तेव्हां पाण्याचे थेंब घंटेवर पडावेत तसा नाद येतो. तें वाद्य सेलेस्टा. दिसावयास पेटीसारखें, पट्टी दाबली म्हणजे आंतील हातोडी पोलादाच्या पातीवर पडते. पॅरिस येथील म्युस्तेल यानें तें १८८६ सालीं काढिलें, आणि आपल्या आधीं दुसऱ्या कोणा रशियन संगीतकारानें तें वापरूं नये म्हणून चायकोव्स्कीनें तें गुप्तपणें मागविण्याची खटपट केली!

आतां या खेळाचें स्वागत कसें झालें तें ऐका. टीकाकारांस तो आवडला नाहीं. त्यांची एक तक्रार अशी कीं रंगभूमीवर मुलेंच फार. आणि मुख्य नर्तकीला अखेरपर्यंत नाचावयास कांहींच नाहीं. इवानोवनें बसविलेले मूळचे पुष्कळ नाच पुढें नाहींसे झाले. तथापि क्रांतीनंतर निकोलाय सेर्गेयेव यानें नृत्यलिपींतील वह्या रशियाबाहेर आणिल्या, आणि त्यांच्या आधारें १९३४ सालीं लंडन येथें हा खेळ उभा राहिला. १९४४ च्या नाताळच्या पूर्वदिनीं सान फ्रान्सिस्को येथें अमेरिकेंतील पहिला संपूर्ण प्रयोग झाला. बालपणीं सेंट पीटर्सबर्ग येथें याच खेळांत नाचलेल्या जॉर्ज बालंचीन यानें १९५४ सालीं न्यूयॉर्क येथें तो बसविला, आणि त्यांत स्थानिक मुलांना भरपूर कामें दिलीं. तेव्हांपासून गांवोगांवचीं मुलें दर नाताळांत त्यांत उंदीर होतात, शिपाई होतात. तीं मोठीं होऊन आपल्या मुलांना घेऊन येतात. ‘मुलेंच फार’ हा जो दोष, त्यानेंच या कृतीला तारिलें. आपल्या देवळांत मिस्सेच्या वेळीं मुलांची गडबड होते अशी तक्रार आम्हांकडे वरचेवर येते. तक्रार करणाऱ्यांनीं या इतिहासाचा विचार करावा. ज्या देवळांत मुलांचा आवाज नाहीं, त्या देवळाचा शतकमहोत्सव कोण साजरा करणार?

आपण पाहणार आहों तें चित्रमुद्रण मिखाइल बारिश्निकोव यानें अमेरिकन बॅले थिएटरसाठीं बसविलेल्या खेळाचें आहे. तो १९७६ च्या डिसेंबरांत वॉशिंग्टन येथें प्रथम झाला, आणि पुढील वर्षाच्या डिसेंबरांत दूरचित्रवाणीवरून अमेरिकेंतील घरोघर दिसला. राजकुमार स्वतः बारिश्निकोव आणि क्लारा झाली आहे गेल्सी कर्कलंड. पुढें त्याच्या कॅसेटी निघाल्या. तबकड्या आल्या, आणि कॅसेट चालविण्याचीं यंत्रें करणें तीं करणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनें २०१६ सालीं बंद केलें. परंतु त्या दोघांच्या त्या दिवसांच्या उड्या अजून तशाच्या तशा दिसतात. पूर्वी नाच नर्तकाबरोबर म्हातारा होई आणि त्याजबरोबर मरे. मनुष्याच्या बुद्धीनें त्यावर हा उपाय काढिला. बुद्धि देवानें दिलेली आहे; तिच्या फळाचा तिरस्कार करण्याचें कारण नाहीं. पोप बाराव्या पायस यांनीं १९५७ सालीं चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांविषयीं परिपत्रक काढिलें, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं या साधनांविषयीं स्वतंत्र आदेश दिला. दोहोंतहि या साधनांना देवाचीं देणगी मानून त्यांचा विवेकानें उपयोग करावा असेंच सांगितलें आहे.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं या नाताळांत ख्रिस्तच नाहीं. हें खरें आहे, आणि तें आम्ही झांकूं इच्छित नाहीं. झाड आहे, भेटी आहेत, मिठाई आहे. गोठा नाहीं, बाळ येशू नाहीं, देवमाता नाहीं. बाहुल्याला प्रभूचें रूपक करून हा आक्षेप उडवून लावणारे लोक आहेत. तसें करणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. ज्यांत जें नाहीं, तें त्यांत कोंबूं नये. परंतु जें आहे, तें पाहावें. जें कुरूप आहे, जें मोडलें आहे, त्यावर एका मुलीनें माया केली, आणि त्या मायेमुळें त्याचें खरें रूप प्रगट झालें, एवढें त्यांत निश्चित आहे. ही सुवार्ता नव्हे. पण सुवार्तेचें बीं जेथें रुजतें ती माती अशीच असते. आणखी एक गोष्ट: ती भेट आणणारा मुलीचा धर्मपिता आहे. आपल्यांत बाप्तिस्म्याच्या दिवशीं जे धर्मपिते होतात, त्यांपैकीं किती जण पुढें त्या मुलाच्या घरीं नाताळला जातात?

दुसरा आक्षेप कीं हें परकी आहे. झाडहि परकें होतें; संत फ्रान्सिसनें १२२३ सालीं ग्रेच्चो येथें मांडलेला गोठाहि इटलीचा. आपल्या हातांनीं दरवर्षीं केल्यामुळें तो आपला झाला. मात्र पाहुण्याच्या चुकाहि पाहाव्या. अरबी व चिनी लोकांचे जे नाच यांत आहेत, ते त्या लोकांनीं केलेले नव्हेत. दुरून कल्पिलेले आहेत. चिनी माणसांची थट्टा होईल असे हावभाव न्यूयॉर्क येथील मंडळीनें २०१७ सालीं बदलले, तें योग्यच झालें. मुलांना हें आईबापांनीं समजावून द्यावें.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्यासाठींच आम्हीं हा विषय घेतला. पडदा घरांत आला कीं मनुष्य घराबाहेर पडत नाहीं. २०२० सालीं महामारीमुळें देवळांचे दरवाजे बंद झाले, आणि आपण पडद्यावर मिस्सा पाहिली. तो त्या काळीं मोठा आधार होता. परंतु दरवाजे उघडल्यावर कांहीं बांक रिकामेच राहिले, आणि अजून रिकामे आहेत. बसल्या जागीं सर्व दिसतें, मग जावें कशाला, असें कोणी उघड म्हणतात, कोणी मनांत म्हणतात.

यांस आम्ही एका संतिणीचा दाखला देतों. तिचेंहि नांव क्लारा. असीसीची संत क्लारा १२५२ च्या नाताळच्या रात्रीं आजारानें खिळून सान दामियानोच्या मठांत एकटी पडली होती. भगिनी प्रार्थनेस गेल्या होत्या. तेव्हां संत फ्रान्सिसच्या देवळांतील उपासना तिला तेथें पडल्या पडल्या ऐकूं आली, आणि तिला गोठ्याचेंहि दर्शन झालें, असें तिच्याविषयीं साक्ष देणाऱ्यांनीं सांगितलें. पुढल्याच वर्षीं ती प्रभूकडे गेली. याच कारणास्तव पोप बाराव्या पायस यांनीं १९५८ सालीं तिला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री ठरविलें. बंधुभगिनींनो, यांतील भेद पाहा. तिला जातां येत नव्हतें, म्हणून देवानें तिला दाखविलें. जातां येत असून ती गेली नाहीं, असें नव्हे.

पडद्यावरील नर्तक आपणांस पाहत नाहीं. आपण रडलों तर तो थांबत नाहीं. आपण उठून गेलों तर त्याला कळत नाहीं. नाचाचें चित्र साठवितां येतें. परंतु पवित्र मिस्साबलिदान हें चित्र नव्हे. तेथें प्रभु स्वतः हजर असतो, आणि आपल्या शेजाऱ्याच्या हाताला हात लागतो. शब्द देह झाला. चित्र झाला नाहीं. हा सण त्याचाच आहे.

तेव्हां आमचें सांगणें थोडक्यांत असें. प्रथम मध्यरात्रीची मिस्सा, मग गोठा, मग शेजार. त्यानंतर नाच अवश्य पाहा आणि आनंद करा. एकट्यानें खोलींत पाहूं नका. सर्वांनीं मिळून पाहा. ज्या आजीआजोबांना अंथरुणावरून उठवत नाहीं, त्यांच्याकडे तरुणांनीं तें यंत्र घेऊन जावें, त्यांना मिस्सा दाखवावी, जवळ बसावें, आणि त्यांच्यासाठीं पवित्र ख्रिस्तप्रसाद आणावा म्हणून आम्हांस निरोप द्यावा; आम्ही कोणत्याहि वेळीं येऊं. परदेशीं गेलेलीं आपलीं मुलें पडद्यावर आपणांस भेटतात; त्यांना सांगा कीं जेथें असाल तेथील देवळांत जा.

या देवळाच्या पहिल्या नाताळास जीं मुलें होतीं, त्यांतील कांहीं आज आजोबा-आजी होऊन येथें बसलीं आहेत. त्यांचें चित्रमुद्रण कोणीं केलें नाहीं. त्यांनीं हात जोडावयास शिकविलें म्हणून तुम्ही हात जोडतां. हेंच आपलें खरें धन होय. बाळ येशू तुमच्या घरांवर कृपा करो, आणि संत क्लारा आपल्या आजाऱ्यांसाठीं व आपल्या पडद्यांसाठींहि प्रार्थना करो. आमेन.