पित्तच असेल कशावरून?

'पित्त झालंय' हे आपल्या घराघरांतलं मोठं सोयीचं निदान आहे. मी डॉक्टर, पण सख्ख्या मावशीच्या बाबतीत याच शब्दानं फसलो.

संकष्टीचा दिवस. संध्याकाळी सहाला तिचा फोन आला, "अरे, छातीत जळजळतंय, घाम सुटलाय. खिचडी बाधली वाटतं." मावशीला पंधरा वर्षांचा मधुमेह. मला ते ठाऊक होतं. तरी मी पित्ताची गोळी सांगितली आणि पुढचा पेशंट आत बोलावला. रात्री अकराला मावसभाऊ तिला घेऊन आला. कार्डिओग्राम पाहिला आणि माझे हातपाय गळाले. पाच तास गेले होते. मावशी वाचली, पण आज एक जिना चढली तरी तिला दम लागतो.

सिनेमातला बाप छाती धरून धाडकन कोसळतो. प्रत्यक्षात दर वेळी तसं होत नाही. पुष्कळदा दुखण्यापेक्षा दडपणच जास्त असतं, छातीवर पाटा ठेवल्यासारखं. ते हातात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवतं. बायकांना आणि मधुमेहींना तर छातीत कळ न येताही नुसता दम, गार घाम, मळमळ किंवा एकाएकी गळून गेल्यासारखं होऊ शकतं. काहींना आधी काही दिवस सूचनाही मिळते. रोजचाच चढ, पण छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं. आपण म्हणतो, वय झालं!

गुठळीनं रक्तवाहिनी बंद झाली, की साधारण अर्ध्या तासात हृदयाचा स्नायू मरायला लागतो. म्हणून असा त्रास पाच-दहा मिनिटांत थांबला नाही, तर १०८ ला फोन करा. स्कूटरला किक मारून स्वतः निघू नका. ॲस्पिरिन चावून घ्यायची का, ते फोनवरच डॉक्टरांना विचारा. काहींना ती चालत नाही. शेजारच्या काकांची जिभेखालची गोळी तर नकोच, रक्तदाब एकदम उतरतो.

आणखी एक. पहिला कार्डिओग्राम नॉर्मल आला, की नातेवाईक चपला घालायला लागतात. पण सुरुवातीला तो नॉर्मल येऊ शकतो. तो पुन्हा काढावा लागतो, रक्तही तपासावं लागतं. डॉक्टर थांबा म्हणाले, तर थांबा.

हल्ली मी फोनवर पित्ताची गोळी सांगत नाही. पेशंट कुरकुरतात. कुरकुरू देत.