चंद्रपूरचे हिम, सह्याद्रीचे चुंबकत्व



 

खंडवहनाचा धडा आपण भूगोलाचे शिक्षक दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेचे किनारे जुळवून सुरू करतो. मुलांना ते आवडते. पण हा सिद्धांत म्हणजे दूरदेशीची गोष्ट, असा त्यांचा समज होतो. माझे स्पष्ट मत आहे की महाराष्ट्रात हा धडा चंद्रपुरातून सुरू व्हायला हवा.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे नेणाऱ्या त्या जिल्ह्यात, इरईजवळ, चुनखडीचा घासून गुळगुळीत झालेला प्राचीन पृष्ठभाग आहे. त्यावर समांतर ओरखडे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७०च्या दशकात त्याची नोंद केली. तळाशी दगडगोटे धरून सरकणाऱ्या हिमनदीने ते काढले, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी. तशाच खुणा दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही सापडतात. सगळे खंड आजच्याच जागी होते असे मानले, तर बर्फ विषुववृत्तापर्यंत पसरला होता आणि त्याच सुमारास युरोपात मात्र कोळशाची दमट जंगले वाढत होती, असे विचित्र चित्र उभे राहते. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली हे खंड दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र आणून दाखवले आणि विसंगती संपली. वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या थरांबरोबर सापडणारे ग्लॉसोप्टेरिस या प्राचीन वनस्पतीचे पानही याच कहाणीतले; अंटार्क्टिकाच्या खडकांतही ते आहे.

पण खंड हलवणारे बळ कोणते? वेगेनर यांनी भरती-ओहोटीच्या आणि पृथ्वीच्या फिरण्यातून येणाऱ्या बळांकडे बोट दाखवले. ती बळे फारच क्षीण आहेत, हे भूभौतिकशास्त्रज्ञ जेफ्रीज यांनी गणिताने सिद्ध केले. ती टीका रास्तच होती. वेगेनर १९३० साली ग्रीनलंडच्या हिमात वारले, तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिक त्यांच्या विरोधात होते.

उत्तर पृथ्वीच्या पोटात होते, आणि तिथे पोचायला भूकंपाच्या लहरींखेरीज वाट नव्हती. भारतात काम केलेल्या आर. डी. ओल्डहॅम यांनी १८९७च्या आसाम भूकंपाच्या नोंदींवरून प्राथमिक आणि दुय्यम लहरी वेगळ्या ओळखल्या, आणि १९०६ साली पृथ्वीला गाभा असल्याचे दाखवले. १९३६ साली इंगे लेहमान यांनी त्या द्रवरूप गाभ्याच्या आत आणखी एक गाभा शोधला. तो घन आहे.

इथे एक आग्रहाची विनंती. भूकवचाखाली वितळलेल्या खडकाचा समुद्र आहे, असे कृपया शिकवू नका. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, पण सुमारे २९०० किलोमीटर खोलीपर्यंतच्या प्रावरणातून त्या जातात. म्हणजे प्रावरण घन आहे. तरीही ते वाहते. घाव घातला तर डांबराचा तुकडा उडतो आणि नुसते ठेवले तर ते पसरते, तसेच तापलेला खडक लाखो वर्षांच्या दाबाखाली वागतो. तापलेला खडक वर चढतो आणि निवला की खाली उतरतो; आर्थर होम्स यांनी या संथ अभिसरणात खंडांना हलवणारे बळ पाहिले. एवढे समजले की खंड का सरकतात हे मुलांना पाठ करावे लागत नाही.

सह्याद्रीचा पुरावा तर मला सर्वांत मोलाचा वाटतो. लाव्हा थिजताना त्यातील लोहखनिजे त्या क्षणीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात; त्या दिशेच्या कलावरून अक्षांश काढता येतो. १९५०च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्री घडवणाऱ्या दख्खनच्या बेसाल्टचे असे मोजमाप केले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा काळा दगड थिजला, तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, याचा तो पुरावा. भूपट्टांचा सिद्धांत १९६०च्या दशकात जगाने स्वीकारला, त्याच्या आधीचे हे काम. आपल्या किती विद्यार्थ्यांना ही नावे ठाऊक आहेत?

म्हणून अधिवेशनापुढे मी एक ठराव ठेवतो: प्रत्येक जिल्ह्यातील शिक्षकांनी वर्षभरात आपल्या परिसरातील खडकांच्या अशा जागांची टिपणे मराठीत, नकाशासह तयार करावीत आणि पुढच्या अधिवेशनात मांडावीत. चंद्रपूर, नागपूर आणि साताऱ्याच्या प्रतिनिधींनी कामाची सुरुवात करावी, अशी माझी सूचना आहे.