पारितोषिके आणि पडद्यासमोरचा माणूस

एखाद्या भारतीय चित्रपटाला परदेशात मोठे पारितोषिक मिळाले, की तो पाहण्यापूर्वीच त्याच्याविषयी मत बनवण्याची घाई सुरू होते. मे २०२४ मध्ये कान येथील महोत्सवात पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ या चित्रपटाला ‘ग्राँ प्री’ हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळाला. शाजी एन. करुण यांच्या ‘स्वाहम्’नंतर, म्हणजे १९९४ नंतर, त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट प्रथमच उतरला होता. केरळातील सप्टेंबरमधले मोजके खेळ सोडले, तर तो भारतात प्रदर्शित झाला २२ नोव्हेंबर २०२४ रोजी. मधल्या सहा महिन्यांत त्याचा अभिमान बाळगणारे आणि त्याच्याविषयी शंका घेणारे असे दोन्ही पक्ष तयार झाले होते. दोहोंपैकी बहुतेकांनी चित्रपट पाहिलेला नव्हता!

सप्टेंबरमध्ये ऑस्कर पारितोषिकासाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरली. एकोणतीस चित्रपटांमधून तेरा सदस्यांच्या परीक्षक मंडळाने किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’ची निवड केली. मंडळातील तेराही सदस्य पुरुष होते. निवड करणाऱ्या महासंघाच्या अध्यक्षांनी पुढे खुलासा केला, त्याचा आशय असा, की कपाडिया यांचा चित्रपट पाहताना भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहत असल्यासारखे परीक्षकांना वाटले. फ्रान्सनेही हा चित्रपट आपल्या प्रवेशिकेसाठी विचारात घेतला होता, कारण निर्मितीत फ्रेंच वाटा होता. पण अखेर तेथे ‘एमिलिया पेरेझ’ निवडला गेला. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तसे झाले.

हा चित्रपट भारतीय आहे काय, या प्रश्नाचा विचार परीक्षकांच्या खोलीपेक्षा बंगळूरच्या मारतहळ्ळीसारख्या वस्तीत बसून करणे अधिक फलदायी ठरेल. त्याचे कारण चित्रपटाच्या कथेतच आहे.

मारतहळ्ळी हे शहराच्या पूर्वेकडील एक जुने गाव. ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे. त्याच्या नावाचा संबंध कोणी मराठ्यांशी जोडतात, तर कोणी जवळच्या विमान कारखान्यात तयार झालेल्या ‘मरुत’ या लढाऊ विमानाशी. (१९६१ साली प्रथम उडालेल्या विमानावरून खेड्याचे नाव पडले, ही कथा ऐकायला गोड आहे; खेडे मात्र विमानापेक्षा जुने.) आउटर रिंग रोड आणि संगणक कंपन्या आल्यावर खेड्याचे शहर झाले आणि गल्लोगल्ली ‘पीजी’ म्हणून ओळखली जाणारी वसतिगृहे उभी राहिली. एका खोलीत दोन, तीन, कधी चार खाटा असतात. खाटेगणिक भाषा वेगळी असू शकते. आंध्र, केरळ, ओडिशा, बिहार, विदर्भ, मराठवाडा अशा नाना प्रांतांतून आलेली मुले-मुली येथे राहतात. कोणी संगणकापुढे, कोणी रुग्णालयात, कोणी दुकानात काम करते.

आता चित्रपटाकडे पाहावे. मुंबईच्या एका रुग्णालयातील प्रभा आणि अनू या दोन मल्याळी परिचारिका एकाच घरात भाड्याने राहतात. प्रभाचा नवरा लग्नानंतर जर्मनीला गेला तो गेलाच. एके दिवशी जर्मनीत तयार झालेला भात शिजवण्याचा विजेचा कुकर टपालाने घरी येतो. सोबत पत्र नाही. अनूचे एका मुसलमान तरुणावर प्रेम आहे आणि दोघांना भेटायला अख्ख्या शहरात आडोसा मिळत नाही. रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती रत्नागिरीकडची. राहती खोली आपली आहे हे सिद्ध करणारा कागद तिच्याजवळ नाही आणि बिल्डरला ती जागा हवी आहे. शेवटी पार्वती गावी परतते आणि दोघी तिला पोहोचवायला जातात.

मारतहळ्ळीतील खाटेवर राहणाऱ्या मुलीला यात युरोप कोठे दिसावा? भाड्याचा वाटा थकवणारी सोबतीण, दाराबाहेर मित्राला निरोप देण्याची लपवाछपवी, घरून येणारे लग्नाच्या स्थळांचे फोटो, हे सारे तिच्या रोजच्या हिशेबातले आहे. हिंदी शिकताना मेटाकुटीस आलेला मल्याळी डॉक्टर चित्रपटात आहे. बंगळुरात कन्नड न येणाऱ्या पाहुण्याची तीच गत असते. मराठी प्रेक्षकाला तर पार्वती अधिकच जवळची. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले आणि कोकणातून आलेल्या कित्येक कुटुंबांना उलट्या वाटेचा विचार करावा लागला. छाया कदम यांनी ही पार्वती साकारली आहे. ‘लापता लेडीज’मधील मंजूमाईही त्यांचीच. म्हणजे ज्या दोन चित्रपटांत भारतीयत्वाची स्पर्धा लावली गेली, त्या दोहोंत एकच मराठी अभिनेत्री होती.

भाषेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. कानच्या परीक्षकांनी हा चित्रपट बव्हंशी उपशीर्षकांतून वाचला. खालची ओळ शब्दांचा अर्थ सांगते. पण प्रभा अनूशी मल्याळममध्ये बोलत असता पार्वतीकडे वळताच हिंदीवर येते, तिचा स्वर जरा सावध होतो, हे कानालाच कळावे लागते. असा कान बंगळूरच्या प्रेक्षकाला लाभला आहे आणि त्याला इतिहास आहे. १९६० च्या दशकात परभाषी चित्रपटांच्या कन्नड ध्वनिरूपांतराला येथे विरोध झाला. ती अलिखित बंदी सुमारे अर्धशतक टिकली. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ती राबवणाऱ्या संस्थांना दंड केला. बंदी योग्य होती असे म्हणवत नाही. तीत कन्नड प्रेक्षकाचा हक्क मारला गेला. तथापि तिच्यामुळे तमिळ, तेलुगू, हिंदी बोलपट मूळ आवाजात ऐकण्याची सवय या शहराला लागली. पुढे २०१६ मध्ये राम रेड्डी यांचा ‘तिथी’ लोकार्नोची पारितोषिके घेऊन आला, तेव्हा त्यातील मंड्याकडची ग्रामीण बोली शहरी कन्नडिगांनी आवडीने ऐकली आणि गड्डप्पाची भूमिका करणारे वृद्ध शेतकरी लोकप्रिय नट झाले.

मग ‘ऑल वुई इमॅजिन...’ला ‘तिथी’सारखा हशा आणि गर्दी का लाभली नाही? संथपणाची तक्रार सर्वत्र ऐकू आली. तिला रसिकतेचा अभाव म्हणून झटकून टाकणे हा जाणकारांचा उद्धटपणा होय. दहा तास काम करून, वाहतुकीत दीड तास घालवून आलेल्या माणसाला पडद्यावरही थकलेली माणसे लोकलमधून मुकाट्याने घरी जाताना दिसली, तर त्याला जांभई येईल. ती जांभई चित्रपटाच्या सत्यतेची एक प्रकारे पावतीच असते. शिवाय असे चित्रपट लागतात मोजक्या पडद्यांवर आणि अडनिड्या वेळी. दुपारच्या खेळाला परिचारिका कशी जाणार? प्रेक्षक आला नाही, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याला येण्याजोगी वेळ दिली होती काय, हे विचारावयास हवे.

एका प्रतिसादाचे मात्र समर्थन करता येत नाही. प्रदर्शनानंतर थोड्याच दिवसांत अनूची भूमिका करणाऱ्या दिव्या प्रभा यांच्या एका प्रणयदृश्याचा तुकडा कापून भ्रमणध्वनींवरून फिरवण्यात आला. त्यांनी त्याचा निषेध केला. दोन तासांच्या चित्रपटात दोन जिवांना आडोसा मिळेपर्यंत किती वाट पाहावी लागते, हे ज्याने पाहिले त्याला त्या दृश्याचा अर्थ कळतो. तुकडा पाहणाऱ्यांनी तो आडोसाच हिरावून घेतला. चोरटे शेजारी आणि हे पाहणारे यांत फरक कितीसा?

डिसेंबरात गोल्डन ग्लोबची दोन नामांकने मिळाली. दिग्दर्शनासाठी नामांकन मिळवणाऱ्या कपाडिया या पहिल्या भारतीय महिला. ‘लापता लेडीज’ त्याच महिन्यात ऑस्करच्या पुढील यादीतून गळाला. ५ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत समारंभ झाला, त्यात इंग्रजीतर चित्रपटाचे पारितोषिक ‘एमिलिया पेरेझ’ला गेले. त्याच्या दोनच दिवस आधी कपाडिया यांचा चित्रपट घरबसल्या पाहण्यासाठी उपलब्ध झाला होता. तिकीट नाही, वेळेचे बंधन नाही. मारतहळ्ळीच्या खोलीत तो हातभर रुंदीच्या जागेतही पाहता येऊ लागला: दिवा मालवून, कानात यंत्र घालून, कारण शेजारच्या खाटेवरची मुलगी रात्रपाळी करून झोपलेली असते.