उंबेर्तोचा पसरलेला हात



इटलीतल्या वास्तववादी सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं नाव येतं व्हित्तोरिओ दे सिकाच्या 'बायसिकल थीव्हज'चं. १९५२ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला आणि बिमल रॉय यांच्यासारख्या दिग्दर्शकावर त्याचा खोल ठसा उमटला. मी मात्र आज बोलणार आहे त्याच दे सिकाच्या 'उंबेर्तो डी.'विषयी. दे सिकानं तो आपल्या वडिलांना अर्पण केला होता.

युद्ध संपून काही वर्षं झालेली. रोम सावरतंय, महागाई चढतेय, पेन्शन आहे तिथंच. चित्रपट सुरू होतो पेन्शनरांच्या मोर्चानं. पोलीस मोर्चा पांगवतात आणि घोळक्यातला उंबेर्तो, एक निवृत्त सरकारी नोकर, एकटा उरतो. गोष्ट तिथून पुढची. भाडं थकलंय, घरमालकीण त्याला बाहेर काढायला टपलेली आहे. सोबतीला एक कुत्रा, फ्लाइक. उंबेर्तोची भूमिका केली कार्लो बात्तिस्ती या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी. अभिनयाशी त्यांचा संबंध नव्हता.

एक प्रसंग मी कधीच विसरू शकणार नाही. उंबेर्तो रस्त्यात उभा आहे. भीक मागायचं त्यानं ठरवलंय. हात हळूच पुढे येतो. एक माणूस थांबतो, खिशात हात घालतो. त्याच क्षणी उंबेर्तो तळवा उलटा करतो, जणू पाऊस पडतोय का ते पाहतोय. मग तो टोपी फ्लाइकच्या तोंडात देतो आणि स्वतः आडोशाला लपतो. आयुष्यभर कचेरीत ताठ मानेनं काम केलेल्या माणसाचं सगळं दुखणं त्या उलटलेल्या तळव्यात आहे.

दुसरीकडे मोलकरीण मारिया. लग्नाआधीच दिवस गेलेली पोर. सकाळी उठते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी सोडते, कॉफी दळत बसते, पायानंच दार लोटते. लेखक चेझारे झावात्तिनींना हाच वेळ पडद्यावर हवा होता, एरवी कात्रीखाली जाणारा.

त्या वेळी सरकारात चित्रपटांचा कारभार पाहणाऱ्या जुलिओ आंद्रेओत्तींनी दे सिकावर जाहीर टीका केली. अशा चित्रपटांनी जगात इटलीची बदनामी होते, असा तिचा रोख होता. मला ती मुळीच पटत नाही. उंबेर्तोला कुणाची दया नकोच आहे. त्याला भाडं वेळेवर भरायचंय. इटलीत चित्रपट चाललाही नाही. तरी दे सिकानं शेवटी ना त्याचं पेन्शन वाढवलं, ना खोली परत मिळवून दिली, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.