जुने नकाशे : गावाच्या स्मृतीचा दस्तऐवज



भीमा नदीवरील उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले आणि इंदापूर, करमाळा व दौंड या तालुक्यांतील नदीकाठची अनेक गावे त्याच्या जलाशयाखाली गेली. इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर एरवी पाण्यात असते. जलाशयाची पातळी फार खालावली म्हणजे ते उघडे पडते आणि दूरदूरची माणसे ते पाहावयास येतात. मंदिर दिसते, परंतु त्याच्याभोवतीचे गाव दिसत नाही. पाणंद कोठून जात होती, ओढा नदीस कोठे मिळत होता, मळ्याची विहीर कोठे होती, हे आता दोनच ठिकाणी शिल्लक आहे : वृद्धांच्या स्मरणात आणि धरणापूर्वीच्या नकाशांत. त्यांपैकी पहिले साधन दरवर्षी क्षीण होत आहे.

जमीन मोजणीच्या इतिहासात या तालुक्याचे स्थान मोठे आहे. प्रिंगल यांनी 1830 च्या सुमारास येथे लागू केलेली आकारणी तत्त्वतः शास्त्रीय, पण व्यवहारात जाचक ठरली आणि जमिनी पडीक राहू लागल्या. म्हणून 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातच नवी पद्धत अवलंबिली. तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली व 1847 च्या संयुक्त अहवालात तिचे नियम सिद्ध झाले. 33 फुटांच्या साखळीने शेते मोजण्यात आली. त्या साखळीचा एक चौरस म्हणजे गुंठा, व 40 गुंठ्यांचा एकर. हे माप आजही शेतकऱ्याच्या तोंडी आहे. मात्र 30 वर्षांची मुदत संपल्यावर 1867 च्या फेरआकारणीत सारा बराच वाढला आणि असंतोष निर्माण झाला. मोजणी अचूक असली म्हणून तीवर आधारलेला निर्णय न्याय्य असतोच असे नाही, हा धडाही इंदापूरनेच दिला.

गावाचा महसुली नकाशा आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा यांतील भेद जाणून घेणे अगत्याचे आहे. पहिला शेताशेताची हद्द दाखवितो. दुसरा भूमीचे रूप दाखवितो : चढउतार, ओढे, विहिरी, देवळे, वाड्या व वाटा. 1905 नंतर 1 इंचास 1 मैल या प्रमाणाचे रंगीत नकाशे तयार होऊ लागले. त्यांत पाणी निळे, समोच्च रेषा तपकिरी, वनराई हिरवी व कोरडे ओढे काळ्या रेषांनी दाखविलेले असतात. दशमान पद्धती आल्यावर त्यांची जागा 1:50,000 प्रमाणाच्या नकाशांनी घेतली. जुन्या नकाशात कागदाच्या 1 चौरस इंचात 640 एकर सामावतात. साहजिकच, बांधाचा तंटा अशा नकाशावरून मिटत नाही आणि मालकीचा पुरावा म्हणून तो पुढे करणेही योग्य नव्हे.

मग त्याचा उपयोग कोणता? ओढ्याचे पात्र बुजवून त्यावर शेत वा घर उभे राहिले असेल, तर पूर्वीचा प्रवाह कोठून जात होता हे त्यावरून कळते. पाझर तलावाची जागा निवडताना पाणलोटाची सीमा समोच्च रेषांवरून प्रथम आखता येते. परंतु या रेषांमधील अंतर बहुधा 20 मीटर उंचीचे असते. तेव्हा बांधबंदिस्तीसाठी प्रत्यक्ष जागेवर पातळी घेणे आवश्यकच आहे. शेतरस्त्याच्या वादात गावनकाशावरील गाडीमार्ग व पायवाट या खुणा आधी पाहाव्यात. बांधावरून वाट मिळण्याविषयी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 अन्वये तहसीलदार निर्णय देऊ शकतात. नकाशा पाहून ग्रामसभेत समजूत घातल्यास पुष्कळदा त्या पायरीपर्यंत जावेच लागणार नाही.

येथे एक अडचण लक्षात ठेवावी. 1947 च्या एकत्रीकरण कायद्यानुसार अनेक गावांत सर्व्हे क्रमांक जाऊन गट क्रमांक आले. जुना नकाशा एका क्रमांकाने बोलतो आणि सातबारा दुसऱ्या. दोहोंचा मेळ घातल्यावाचून काढलेला निष्कर्ष गरीब खातेदारावर अन्याय करू शकतो. अशा वेळी तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातून संबंधित अभिलेख व नकाशे यांच्या नकला घेणे श्रेयस्कर.

स्थलदर्शक नकाशे एके काळी सामान्यांस सहजी मिळत नसत. 2005 चे राष्ट्रीय नकाशा धोरण आणि 2021 ची मार्गदर्शक तत्त्वे यांनी ही वाट बरीच मोकळी केली आहे. आता उणीव आहे ती वाचनाची. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना जुना व नवा नकाशा शेजारी ठेवून शिवारात न्यावे. टेकडी, ओढा व वाट यांची नावे वृद्धांकडून विचारून गावनकाशाच्या नकलेवर नोंदवावीत. मूळ नकाशावर मात्र पेन्सिलीची रेघही ओढू नये. पंचायतीने अशी एक प्रत कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावावी.

पळसदेवच्या रहिवाशांना आपले जुने गाव पाहण्यासाठी पाणी ओसरण्याची वाट पाहावी लागते. इतर गावांवर ती वेळ आलेली नाही. त्यांची वाट, त्यांचा ओढा अद्याप जमिनीवर आहे. तो आजच कागदाशी ताडून पाहिला पाहिजे.