टायटॅनियमची सायकल : बेतून घ्यावी कीं तयार ?

वाशीम जिल्ह्यांत सायकल ही वस्तु नवी नाहीं. शेतावर न्याहारी पोंचविणारा गडी, शाळेला जाणारी मुलगी, बाजाराच्या दिवशीं भाजीची पाटी मागें बांधून येणारा माळी, या सर्वांचें काम तिनें पिढ्यान्‌पिढ्या केलें आहे. पूर्वी ती निवडण्याचा प्रश्न फार सोपा होता. दुकानदार बावीस इंची आणि चोवीस इंची अशा दोन मापांची काळी सायकल पुढें करी. उंच मनुष्य चोवीस इंची घेई, बाकीचे बावीस इंची घेत, आणि ज्यांना तीही मोठी पडे तीं मुलें दांड्याखालून पाय घालून ती चालवीत. सायकलीनें माणसाच्या मापाचें व्हावें ही कल्पनाच कोणाच्या मनांत येत नसे. माणूसच सायकलीच्या मापाचा होई.

आज तो प्रश्न इतका सोपा राहिलेला नाहीं. पक्क्या सडकेवर वेगानें धांवणारी, आणि सडक सोडून खडीमुरमाच्या वाटेला लागली तरी न डगमगणारी अशी सायकलींची एक नवी जात गेल्या वीस वर्षांत पुढें आली आहे. तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत एम्पोरिया या गांवीं २००६ सालीं दोनशें मैलांची जी शर्यत सुरू झाली तिनें या जातीला मोठी चालना दिली. परंतु या सायकलीला साजेशी भूमि पाहण्यासाठीं अमेरिकेंत जाण्याचें कारण नाहीं. १९९८ सालीं अकोल्यापासून निराळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यांत वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके आहेत, आणि त्यांतील गांवांना व शिवारांना जोडणाऱ्या पांदणींची वाण नाहीं. समृद्धि महामार्ग जिल्ह्यांतून जातो, पण त्यावर सायकलीला मज्जाव आहे. सायकलस्वाराचा खरा राजमार्ग म्हणजे सोयाबीन आणि तुरीच्या शेतांमधून जाणारी मुरमाची पांदण हाच होय.

अशा वाटेसाठीं सायकल घेऊं पाहणारा, हातीं चार पैसे असलेला गृहस्थ शेवटीं एका पेंचाशीं येऊन ठेपतो. फ्रेम, म्हणजे सायकलीचा सांगाडा, टायटॅनियमचा घ्यावा, तो जन्मभर पुरतो, असें त्याला कोणी तरी सांगतें. तेवढें ठरलें कीं दुसरा प्रश्न उभा राहतो. कारखान्यानें ठराविक मापांत बनवून ठेवलेली तयार फ्रेम घ्यावी, कीं स्वतःच्या अंगाचें माप देऊन ती बेतून घ्यावी ? रक्कम लहान नसते. सगळी सायकल उभी करीपर्यंत लाखांच्या भाषेंत बोलावें लागतें, आणि परदेशांतून माल मागविल्यास आयातकर निराळा. निवड चुकली तर मुलांच्या शिक्षणाला किंवा घराच्या डागडुजीला उपयोगी पडला असता असा पैसा सायकलीच्या रूपानें भिंतीला टेकून उभा राहतो. म्हणून या प्रश्नाचा विचार हौसेनें न करतां हिशेबानें करणें बरें.

प्रथम धातूची ओळख करून घेतली पाहिजे. टायटॅनियम हा नांवानें जितका परका वाटतो तितका तो परका नाहीं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूंत त्याचें खनिज सांपडतें, आणि घराच्या भिंतींना लावलेल्या पांढऱ्या रंगाला शुभ्रपणा येतो तो बहुधा याच धातूच्या एका संयुगामुळें. १७९५ सालीं क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें ग्रीक पुराणांतील टायटन नांवाच्या दैत्यांवरून त्याला हें नांव दिलें. परंतु खनिजांतून शुद्ध धातु मोठ्या प्रमाणावर काढण्याची जी रीत आज रूढ आहे, ती विल्हेल्म क्रॉल यानें बसविली १९४० च्या सुमारास. केरळांत चवरा येथें २०११ सालापासून भारतांतही हा धातु काढला जातो.

एक घन सेंटिमीटर पोलादाचें वजन सुमारें ७.८ ग्रॅम भरतें, तर टायटॅनियमचें ४.५ ग्रॅम. त्याला गंज चढत नाहीं, घामानें तो खराब होत नाहीं, आणि रंग दिला नाहीं तरी त्याचें कांहीं बिघडत नाहीं. सायकलीच्या नळ्यांत बहुधा शंभर भागांस तीन भाग ॲल्युमिनियम आणि अडीच भाग व्हॅनेडियम मिसळलेलें असतें. अशा नळ्या मूळच्या विमानांतील दाबाखालचें तेल वाहून नेण्यासाठीं बनविलेल्या. मात्र या धातूचा ताठपणा पोलादाच्या जवळजवळ निम्माच असतो. म्हणून नळ्यांचा व्यास पोलादी नळ्यांहून मोठा ठेवावा लागतो, आणि तो किती ठेवावा हें स्वाराच्या वजनावर अवलंबून असतें. पन्नास किलो वजनाच्या मनुष्याला जी नळी योग्य, ती पंचाण्णव किलोच्या मनुष्याखालीं लवचीक ठरेल.

बेतून घेण्याचा प्रश्न याच धातूच्या बाबतींत इतका पुढें कां येतो, याचेंही कारण आहे. कार्बनची फ्रेम सांच्यांतून निघते. प्रत्येक मापाला निराळा सांचा लागतो, आणि सांचा महाग असतो. एका गिऱ्हाइकासाठीं सांचा कोण करणार ? टायटॅनियमच्या फ्रेमला असा सांचा लागत नाहीं. नळ्या कापून, त्यांचीं तोंडें एकमेकींवर बसतील अशीं कोरून, त्या हातानें जोडाव्या लागतात. कारागिराला नळी दहा मिलिमीटर आंखूड कापण्यास फारसा जादा त्रास पडत नाहीं. त्यामुळें पुष्कळ कारागीर तयार मापाहून कांहीं अधिक मोल घेऊन आणि कांहीं महिने थांबवून अंगाच्या मापाची फ्रेम करून देतात. तयार आणि बेतलेली यांतील अंतर या धातूंत थोडें असतें, आणि अंतर थोडें असलें म्हणजेच मोह मोठा होतो.

आतां माप म्हणजे काय तें पाहूं गेल्यास, बावीस इंची आणि चोवीस इंची ही भाषा येथें पुरत नाहीं. पॅडलें ज्या आंसाभोवतीं फिरतात त्याच्या मध्यापासून, हँडल ज्या नळींत फिरतें तिचें वरचें टोक उभ्या रेषेंत किती उंच आहे, हें एक माप; त्याला स्टॅक म्हणतात. तेंच टोक आडव्या रेषेंत किती पुढें आहे, हें दुसरें. त्याला रीच म्हणतात. कोणत्याही कारखान्याच्या तक्त्यांत हीं दोन मापें दिलेलीं असतात. स्वाराला हँडल किती उंच आणि किती लांब हवें हें एकदां कळलें, कीं कोणती तयार फ्रेम त्याच्या जवळ येते हें घरबसल्या पाहतां येतें.

आणि जवळ येणें पुरेसें असतें, कारण सायकल ही सर्वस्वीं अचल वस्तु नव्हे. हँडल धरून ठेवणारा आंखूड दांडा, म्हणजे स्टेम, दहा दहा मिलिमीटरच्या फरकानें मिळतो. त्याखालीं कड्या घालून हँडल दोन-तीन सेंटिमीटर उंच करतां येतें. सीट वरखालीं आणि पुढेंमागें सरकते. क्रँक कमीअधिक लांबीचे मिळतात. मध्यम उंचीच्या आणि सर्वसाधारण बांध्याच्या मनुष्याला पांच-सहा तयार मापांपैकीं एक माप या फेरफारांच्या मर्यादेंत सहज बसतें. त्यानें बेतून घेतल्यास त्याला जी फ्रेम मिळेल, ती तयार फ्रेमहून डोळ्यांना ओळखूं येणार नाहीं. जादा गेलेली रक्कम तेवढी ओळखूं येईल.

परंतु सगळीं माणसें सर्वसाधारण बांध्याचीं नसतात. पांच फुटांहून कमी उंचीची एखादी शिक्षिका घेतली, तर कारखान्याचें सर्वांत लहान मापही तिला बहुधा मोठें पडतें. फ्रेम लहान केली तरी चाक जर ६२२ मिलिमीटर व्यासाच्या रिमचें राहिलें, तर हँडल वळवितांना पायाचा अंगठा पुढच्या चाकाला लागतो, आणि पांदणीच्या वळणावर तसें झालें तर पडणें ठरलेलेंच. तिच्यासाठीं समजदार कारागीर ५८४ मिलिमीटरच्या रिमचें लहान चाक धरून सगळा सांगाडाच त्याच्याभोवतीं बेततो. ज्याचे पाय फार लांब आणि धड आंखूड आहे, जो सव्वासहा फुटांहून उंच आहे, ज्याचें वजन नेहमींच्या प्रमाणाबाहेर आहे, किंवा ज्याचा एक हात अपघातानें आंखूड झाला आहे, त्यालाही तयार मापांत अंग कोंबण्याचें कारण नाहीं. बाजारापर्यंत जाऊन येण्यांत दोन सेंटिमीटरांची चूक जाणवत नाहीं. पण ब्रेव्हे नांवाच्या लांब पल्ल्याच्या स्वाऱ्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरे करावे लागतात. तेथें तीच चूक बोटांच्या बधिरपणाच्या, मानेच्या आणि गुडघ्याच्या दुखण्याच्या रूपानें आपलें व्याज वसूल करते.

येथें एक विचार विसरला जातो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. टायटॅनियम तीस वर्षें टिकतो, ही त्याची कीर्ति. पण देह तीस वर्षें तसाच राहत नाहीं. पस्तिसाव्या वर्षीं जो गृहस्थ कंबरेंतून वांकून खालचें हँडल आनंदानें धरतो, त्यालाच पंचावन्नाव्या वर्षीं तें चार बोटें वर हवें असतें. मग ज्या मापानें फ्रेम बेतली तें माप राहतें कोठें ? मांडीच्या आणि दंडाच्या हाडांची लांबी वाढत्या वयांत बदलत नाहीं. पाठीचा लवचीकपणा, पोटाचा घेर आणि वेगाची हौस हीं बदलतात. यावरून नियम असा निघतो कीं, बेतून घ्यावयाचें तें हाडांसाठीं, पाठीसाठीं नव्हे. हाडांचें माप तयार तक्त्यांत बसत नसेल तर बेतून घेणें ही चैन नव्हे, गरज आहे. नुसती आजची पाठ तक्त्यांत बसत नसेल तर स्टेम आणि कड्या बदलाव्या. धातु बदलत नाहीं, कापलेली नळी वाढत नाहीं.

चूक दुरुस्त होणें या धातूंत किती कठीण आहे, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. तापलेला टायटॅनियम हवेंतील प्राणवायु आणि नत्रवायु शोषून घेतो आणि ठिसूळ होतो. म्हणून त्याचें वेल्डिंग नळीच्या बाहेरून आणि आंतूनही आर्गॉन वायूच्या आवरणांत करावें लागतें. ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणारा तालुक्याच्या गांवचा कारागीर आपल्या कामांत कितीही तरबेज असला, तरी हें काम त्याच्याकडे नेऊं नये. तो दोष त्याचा नव्हे, साधनांचा आहे. पोलादी फ्रेम कोठेंही जोडून मिळते, ही भर पोलादाच्या पारड्यांत प्रामाणिकपणें टाकली पाहिजे. तसेंच ॲल्युमिनियमची सीटनळी टायटॅनियमच्या नळींत कोरडी बसविली तर कालांतरानें दोन्ही धातु एकमेकांना घट्ट धरून बसतात. त्यासाठीं तिला योग्य तें ग्रीस लावून वर्षांतून एकदोनदां ती काढून पुसावी.

राहतां राहिली भूमि. जुलै महिन्यांत काळी माती भिजली म्हणजे ती चाकाला नुसती लागत नाहीं, चाकाबरोबर वाढत जाते. चिमट्यांत आणि मागच्या दोन नळ्यांमध्यें ऐसपैस जागा नसेल, तर शंभर पावलांत चाक जाम होतें आणि स्वाराला सायकल खांद्यावर घ्यावी लागते. यासाठीं येथील स्वारानें पन्नास मिलिमीटर रुंदीचा टायर बसेल अशी फ्रेम निवडून तींत चाळीस-पंचेचाळीसचा टायर वापरावा. अशा ऐसपैस तयार फ्रेम मिळतात; केवळ एवढ्यासाठीं बेतून घेण्याचें कारण नाहीं. रुंद टायरांत हवा बेतानें भरली कीं मुरमाचे हादरे जितके कमी होतात, तितके कोणत्याही धातूनें होत नाहींत. उन्हाळ्यांत पारा चाळिसांच्या वर जाणाऱ्या या मुलुखांत पाण्याच्या तीन बाटल्या, मडगार्ड आणि कॅरिअर बसविण्याच्या जागा फ्रेमवर आहेत कीं नाहींत, हेंही आधीं पाहावें.

मग वाशीमच्या गृहस्थानें काय करावें ? त्यानें प्रथम साध्या, पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या सायकलीवर एक वर्ष पांदणी तुडवाव्या. कोठें दुखतें, कोणत्या उंचीवर दुखायचें थांबतें, हें वहींत टिपून ठेवावें. नंतर मोठ्या शहरांतील जाणत्या मापाड्याकडून अंगाचें माप घ्यावें आणि तें तयार तक्त्यांशीं ताडून पाहावें. दहा-वीस मिलिमीटरांचा फरक असेल तर तयार फ्रेम घेऊन निश्चिंत व्हावें. ती पुढें मुलाला किंवा भाच्याला देतां येईल, विकावी लागली तरी गिऱ्हाईक मिळेल. फरक त्याहून फार मोठा असेल तरच बेतून घ्यावी, आणि कारागिरानें पाठविलेल्या आराखड्यांतील प्रत्येक आंकडा स्वतः मोजून पाहिल्याशिवाय त्यावर सही करूं नये.

१९२३ सालीं मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनीं ती १९२८ सालीं पुरी केली, आणि सुमारें ७१,००० किलोमीटर मजल मारली. त्यांच्या सायकली पोलादाच्या होत्या; टायटॅनियमची सायकल तेव्हां जगांत कोठेंच नव्हती. धातु मोलाचा असला म्हणजे वाट आपोआप सरत नाहीं. मात्र वाट लांब असली आणि अंगाचें माप निराळें असलें, तर त्या मापाचा मान राखणारी सायकल हा खर्च नव्हे. अंगाचें माप चारचौघांसारखें असेल, तर तें चारचौघांसारखें आहे याचा आनंद मानून तयार फ्रेमवर स्वार व्हावें, आणि उरलेला पैसा घरांत ठेवावा.