शेजारचा जिल्हा : देखणेपण आणि पोटापाणी

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत शिक्षक व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. देवळाच्या गावात शाळा सांभाळणारा साधा मास्तर. मागे शाळेच्या सहलीसाठी मी सिंधुदुर्ग जिल्ह्याचे नाव सुचविले, तेव्हा एक पालक म्हणाले, "मास्तर, तिथे मुलांनी पाहायचे काय? माड, समुद्र, देवळे. ते तर आमच्या पायरीवर बसून दिसते." त्या वेळी सहलीच्या गडबडीत उत्तर राहून गेले. आज ते देतो.

आधी ओळख. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढून १ मे १९८१ रोजी हा जिल्हा झाला. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले, कुडाळ, मालवण, कणकवली, देवगड आणि वैभववाडी असे आठ तालुके. क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या सुमारे दीडपट. किनारा १२१ किलोमीटर. १९९७ साली हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला.

पाहण्यासारखे म्हणाल तर सुरुवात मालवणच्या जलदुर्गापासून करावी. शिवछत्रपतींनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि तीन वर्षांत किल्ला उभा केला. चहूबाजूंनी खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. मुलांना स्थापत्य शिकवायला याहून चांगला फळा कुठला? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले दोन, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग, या एकाच जिल्ह्यात आहेत.

तिथून वर आंबोलीला जावे. उंची ६९० मीटर आणि पाऊस वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटर. तिथे उगम पावणारी हिरण्यकेशी आपल्यासारखी पश्चिमेला समुद्राकडे धावत नाही. ती पूर्वेकडे वळते आणि बेळगाव जिल्ह्यात संकेश्वरावरून पुढे घटप्रभेला मिळते. तिच्या उगमाशी देवळाच्या कुंडात २०२० साली माशाची एक नवी जात सापडली, आणि २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. सावंतवाडीला चितार आळीत लाकडी खेळणी पाहावीत, राजवाड्यात गंजिफांचे गोल पत्ते पाहावेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींची चित्रकथी आहे. ती टिकविणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आणि आम्हा शिक्षकांनी शिरोड्याला जाऊन शाळेपुढे क्षणभर उभे राहावे. वि. स. खांडेकर १९२० साली तिथे मास्तर म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत राहिले. त्याच शिरोड्याच्या मिठागरावर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला.

हे झाले डोळ्यांचे पाहणे. परंतु मित्रहो, मुलांना आणखी एक पाहायला शिकवायचे आहे. हे देखणेपण कोणाच्या कष्टाने टिकले, आणि त्याच्या मोलातले त्या माणसाच्या हातात किती पडते?

देवगडची कलमे घ्या. दुरून हिरवीगार दिसणारी ती बाग बहुधा उघड्या कातळावर उभी आहे. सुरुंग लावून खड्डे फोडायचे, माती बाहेरून आणून भरायची, आणि कलम जीव धरीपर्यंत उन्हाळ्यात पाणी घालायचे. एवढे करून मोहर थंडीवर आणि आभाळावर अवलंबून. अवकाळी पावसाची एक सर वर्षाची कमाई नेते. फळ हाती लागले तरी शहरच्या बाजारात दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावाने खपतो. म्हणून कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे चांगले झाले. पण कागदावरचे मानांकन बाजारात चालवायचे तर बागायतदारांनी एकत्र यायला हवे.

काजूचे तेच. पोर्तुगिजांनी आणलेले हे झाड आपले आणि त्यांचे सामाईक. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने, जे १९५७ सालचे आहे, काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती आपल्या बागायतदारांनाही ठाऊक आहेत. चार किलो बियांतून ढोबळ मानाने एक किलो गर निघतो. जो नुसती बी विकतो त्याला बियांचा भाव, जो फोडून, सोलून, निवडून विकतो त्याला गराचा. त्यातून आफ्रिकेची बी जहाजांनी देशात येऊ लागली, आणि इकडच्या बियांचा भाव त्या आवकेकडे पाहून ठरू लागला. आपण बोंडूंपासून हुर्राक आणि फेणी करतो. तिथे बोंडूंचे मोठमोठे ढीग झाडाखालीच कुजतात. कोकमाची गोष्टही थोडीफार तशीच. आमसुले आणि सरबत घराघरांतल्या बायका करतात, पण पावसाळा तोंडावर आला की सगळे फळ आटपत नाही.

समुद्रावर रापण ओढणारा गाबीत आहे. एका रापणीला अख्खी वाडी लागते आणि मासळीची वाटणी होते. पर्ससीन जाळ्यांची यांत्रिक होडी तेच पाणी एका रात्रीत उपसून नेते. मालवणच्या किनाऱ्यावर यावरून पुन्हा पुन्हा संघर्ष पेटला आहे.

आता एक आकडा सांगतो. तो मुलांच्या वहीत लिहून द्या. २००१ साली या जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. देशाची लोकसंख्या त्याच दहा वर्षांत सतरा टक्क्यांहून अधिक वाढली, आणि इथे एकोणीस हजार माणसे कमी! साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया. या तीन आकड्यांचा अर्थ एकच: मुलगा शिकतो आणि जातो. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जायचा आणि मनीऑर्डर पाठवायचा. गिरण्या गेल्या, जाणे राहिले.

आमच्या सहलीत तारकर्लीजवळच्या एका घरी मुलांना जेवू घातले. घरची म्हातारी वाढत होती. आम्ही गोव्याचे हे कळताच तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "माझो झील थंयच आसा, हाटेलात कामाक." तिच्या दारात पर्यटकांच्या गाड्यांची रांग, आणि तिचा मुलगा आमच्या किनाऱ्यावर दुसऱ्याच्या हॉटेलात ताटे उचलतो! माझा घास तोंडात फिरू लागला. परतताना त्या वाडीतली कुलूपबंद घरे मुलांनी मोजली. पंचवीसपैकी नऊ.

कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडला आणि आपल्या मोपाची विमाने जानेवारी २०२३ पासून उडू लागली. माणसे येण्याची वाट मोकळी झाली. पण रस्ता दोन्ही बाजूंना जातो हे विसरू नये. आम्ही गोमंतकीयांनी हा धडा आधी गिरविला आहे. किनाऱ्यावरची जमीन एकदा विकली की मालक पाहुणा होतो, आणि पुढल्या पिढीला आपल्याच वाळूवर नोकरी मागावी लागते. शेजाऱ्यांना हे सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, कारण किंमत आपण मोजली आहे.

आणि शेजारधर्माचा हिशेब एकतर्फी नाही. दोडामार्गातली गावे पाण्याखाली गेली म्हणून तिळारीचे पाणी डिचोली, पेडणे आणि बार्देशात आले. त्यांचे आजारी आपल्या बांबोळीच्या इस्पितळात येतात. ते कोणाच्या दारात उपकार मागायला येत नाहीत, एवढे मुलांना कळू द्या.

तेव्हा पालकांना माझे उत्तर असे. मुलांना तिथे जरूर न्या. पण प्रत्येकाला घरून तीन प्रश्न देऊन पाठवा. हे फळ इथून कोणत्या रूपात बाहेर जाते? ही खोली, ही होडी, ही बाग कोणाच्या मालकीची? या घरचा मुलगा कुठे आहे? गावातल्या माणसाच्या घरी उतरा, खेळणी चितार आळीत घ्या, काजू जिथे फोडला तिथे घ्या. किल्ल्याची तिकिटे मी काढीन. प्रश्नांची उत्तरे मुलांनी आणावीत, आणि पुढल्या वर्षी तीच त्यांनी या व्यासपीठावरून वाचून दाखवावीत.